रांग शाळेची, मार्क मंडळाचे

आर्किटेक्टच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी घेतलं जाई. एरवी ते मिलीमीटरराव. इमारत उभी राहण्याआधी तिचं पुठ्ठ्याचं पिल्लू तयार करायचं, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक त्या पिल्लाभोवती फिरणार, वाकून खिडकीतून आत डोकावणार, "अरे वा, म्हणजे इथे आमची बेडरूम!" म्हणणार आणि खुशीत सही करणार. तेव्हा भिंत एक मिलीमीटर जरी इकडची तिकडे झाली तरी मिलीमीटररावांना जेवण जात नसे. दोन पुठ्ठ्यांमधला जोड कुणाच्या नजरेला पडला, तर चारचौघांत पँट उसवल्यासारखे ते ओशाळे व्हायचे.

अशा माणसाच्या मुलीने शाळेत डिझाइन हा विषय घेतला. घरातल्या सगळ्यांनी तेव्हाच काय ते ओळखायला हवं होतं, पण आपल्याकडे निकाल लागल्याशिवाय कुणाला काही ओळखू येत नाही.

मुलीला घरी बबडी म्हणत. तिच्या वर्गात हा विषय घेणारी मुलं पाचच. त्यातली एक समोरच्या दारातली काडी. नाव ठेवणाऱ्याने फार डोकं चालवलं नव्हतं. पोरगी होतीच तशी, वाऱ्याने उडेल अशी. काडीची आई नर्स. तिच्या ड्युट्या उलटसुलट, घरात दोघीच, त्यामुळे काडीचं निम्मं जेवण मिलीमीटररावांच्या टेबलावर व्हायचं. ती आपलं ताट आपण घासून ठेवायची आणि बबडीच्या आईला वाटायचं, आपलीही अशी असती तर.

शेवटच्या वर्षाचा निकाल दोन ठिकाणांहून यायचा. निम्मे मार्क शाळेचे, वर्षभर केलेल्या कामाचे: एक बसथांबा, एक वाचनालय, एक पाळणाघर. निम्मे मार्क मंडळाच्या परीक्षेचे. तिथे हॉलमध्ये बसायचं, समोर कोरा पुठ्ठा, कटर आणि पट्टी, आणि विषय आयत्या वेळी. मिलीमीटरराव म्हणाले, "परीक्षा काय, एक दिवसाची. वर्षाचं काम चोख ठेवलं की निम्मी लढाई खिशात."

आणि त्यांनी ती खिशात घातली. म्हणजे त्यांनीच. बबडी पुठ्ठा घेऊन बसायची, मिलीमीटरराव मागे उभे राहायचे, दोन मिनिटं दम धरायचे आणि मग म्हणायचे, "आण इकडे. जरा हात फिरवतो." तो हात एकदा फिरायला लागला की थांबायचं नाव नाही. पुढे पुढे तर ते काम ऑफिसातल्या वर्कशॉपमध्येच घेऊन जाऊ लागले; तिथली कापायची यंत्रं चांगली, उजेड चांगला. घरी यायचं ते तयार पाळणाघर, घसरगुंडीसकट. विचारलं तर म्हणायचे, "डिझाइन तिचंच आहे हो, मी फक्त कडा साफ केल्या." शाळेने एक कागद पाठवला होता, काम पाल्याने स्वतः केले आहे असा, खाली पालकांची सही. त्यांनी सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद अलगद हवेत धरला. माणूस कामाला पक्का.

शाळेच्या कामात बबडी पहिली आली. काडी पाचवी. पाचातली पाचवी म्हणजे काय, ते सांगायला नको. बबडीच्या आईने त्या दिवशी काडीच्या ताटात जरा जास्तच वाढलं.

निकाल लागला तो दिवस म्हणजे तोंडात साखर की मीठ ते कळू नये असा. डिझाइनमध्ये बबडीला सदुसष्ट आणि काडीलाही सदुसष्ट. बबडी परीक्षेहून आली होती तेव्हा तोंड लपवून रडली होती. पुठ्ठा वाकडा कापला, छप्पर उभंच राहिलं नाही, म्हणत होती. त्यामुळे सदुसष्ट ऐकून तिच्या आईने हुश्श केलं. बबडीने मात्र काही केलं नाही. ती मोबाइलवरचा आकडा बघत राहिली, जसा काही तो दुसऱ्याच कुणाचा होता.

काडीचं वेगळं होतं. तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं आणि तिथे या विषयात पंच्याहत्तर लागत. बबडीला जायचं होतं हिशेबाच्या शाखेला. तिला नुसतं पास असलं तरी चाललं असतं. मात्र एक होतं, एखादा विषय राहिला की प्रमाणपत्र अडायचं आणि वर्ष जायचं.

"परीक्षा तर चांगली गेली होती काका," काडी दारात उभी राहून म्हणाली. "खूप चांगली गेली होती."

तिची आई ड्युटीवर होती. मिलीमीटररावांना एकदम कर्तबगार काका व्हायची लहर आली. "चल," ते म्हणाले. "शाळेत जाऊन विचारू. कुठेतरी बेरीज चुकली असणार. सोडायचं नाही!" असं म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बिचाऱ्यांना कल्पना नव्हती की आपण इस्त्रीचा शर्ट घालून कुठे चाललोय.

डिझाइनचे सर वर्गातच होते, खुर्च्या रचत होते. शांत माणूस, शर्टाला गोंदाचे डाग. त्यांनी दोघांना बसवलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि काडीकडे वळले.

"परीक्षेत तुला एक्क्याण्णव आहेत."

काडीचा चेहरा असा उजळला की मिलीमीटररावांनाही बरं वाटलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं? मग बेरीज चुकली ना!"

"बेरीज बरोबर आहे," सर म्हणाले. "शाळेच्या कामाचे तिला त्रेचाळीस धरलेत. एक्क्याण्णव आणि त्रेचाळीस, सरासरी सदुसष्ट."

"त्रेचाळीस? पण तुम्ही तर तिला साठ दिले होते. माझ्या समोर कागद आला होता."

सरांनी सुस्कारा सोडला. हे त्यांना दरवर्षी कुणाला ना कुणाला समजवावं लागत असणार. "आम्ही दिलेले मार्क मंडळ घेत नाही हो. सगळ्याच शाळा आपापल्या मुलांना भरभरून देतात, मग कुणाचे खरे मानायचे? म्हणून मंडळ आमच्याकडून फक्त रांग घेतं. कोण पहिला, कोण दुसरा, कोण शेवटचा. आणि मार्क घेतं परीक्षेतले. आमच्या पाच मुलांना परीक्षेत जे पाच आकडे मिळाले, ते वरून खाली लावतात आणि आमच्या रांगेप्रमाणे वाटतात. परीक्षेतला सगळ्यात मोठा आकडा रांगेतल्या पहिल्याला, शाळेच्या कामाचे मार्क म्हणून. सगळ्यात लहान आकडा शेवटच्याला. रांग आमची, मार्क त्यांचे."

"परीक्षेतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे माझा," काडी हळूच म्हणाली.

"हो."

"तो रांगेतल्या पहिल्याला गेला."

"हो."

"आणि मला शेवटचा आला. कुणाचे त्रेचाळीस ते?"

"ते नाही सांगता येत," सर म्हणाले आणि खुर्च्यांकडे बघू लागले.

सांगायची गरजच नव्हती. मिलीमीटररावांचं आयुष्य मोजमापात गेलेलं. रांगेतली पहिली बबडी; म्हणजे एक्क्याण्णव तिला गेले. तिची सरासरी सदुसष्ट. सदुसष्टची दुप्पट एकशे चौतीस, त्यातून एक्क्याण्णव गेले, राहिले त्रेचाळीस. हिशेब पुरा होईपर्यंत त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांच्या मुलीने या पोरीचे मार्क घेतले होते आणि आपले तिच्या पदरात टाकले होते. मुलीने तरी कुठे? त्यांनी. ह्या दोन हातांनी. शेजारी बसलेल्या काडीकडे बघायची त्यांची छाती होईना. इतकी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती, आणि वर ती लपवायची होती, म्हणून ते दात विचकून हसले.

"अजब आहे नियम," ते म्हणाले.

"नियम तसा वाईट नाही," सर म्हणाले. "रांग खरी असली तर."

मग ते काडीला म्हणाले, "बाकीच्या चौघांची कामं फार सफाईदार होती गं. तुझ्यात कल्पना होत्या, पण त्यांच्या शेजारी ठेवलं की तुझं काम हाताने केलेलं दिसायचं." हे बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं असावं, कारण ते उठून पुन्हा खुर्च्या रचू लागले. मग इकडे तिकडे बघत म्हणाले, "रांगेत कुणाचं नाव चुकीचं लागलंय असं कुणी लिहून दिलं, तर आठ दिवसांत बदलता येतं. नुसतं वाटून उपयोग नाही. लिहून द्यावं लागतं. मग ज्याचं काम दुसऱ्याने केलेलं, त्याचा विषय जातो."

मिलीमीटररावांना एक दुपार आठवत होती. वाचनालयाला गोल छप्पर करायचं म्हणून काडी पुठ्ठा घेऊन आली होती. "काका, हा वाकवायचा कसा? मोडतोय." त्या वेळी बबडीच्या वाचनालयाचं छप्पर त्यांच्या वर्कशॉपमध्ये साच्यावर वाळत होतं. आणि हे सद्गृहस्थ काय म्हणाले? "स्वतः करून बघ बाळा. मी सांगितलं तर तू काय शिकणार?" किती मोठ्या तत्त्वाचा माणूस! काडीने करून बघितलं. आठ पुठ्ठे मोडले असतील, दहा मोडले असतील, पण ती शिकली, आणि परीक्षेत एक्क्याण्णव मिळवून आली. आपल्या मुलीला एवढा चांगला सल्ला द्यायचं त्यांना काही सुचलं नव्हतं.

परतताना रस्त्यात काडी म्हणाली, "सर म्हणजे चांगलं सांगतात ना काका? उगाच कुणाला शेवटचा नंबर नाही देणार."

"नाही, सर चांगले आहेत," मिलीमीटरराव म्हणाले आणि रस्ता ओलांडायच्या निमित्ताने पुढे झाले.

संध्याकाळी काडी आपलं पाळणाघर उचलून त्यांच्याकडे घेऊन आली. दोन्ही हातांत धरून, दार पायाने ढकलून. टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला यातलं कळतं. खरं सांगा, यात काय वाईट आहे? मला राग नाही येणार. परीक्षा म्हणजे काय, एखाद्या दिवशी नशीब लागतं. पण वर्षभराचं काम जर शेवटच्या नंबरचं असेल, तर मग माझ्या हातातच नाही असं झालं. आई म्हणते, तिच्या हॉस्पिटलमध्ये मुलींना नर्सचं काम शिकवून घेतात. उद्या जाऊन नाव देऊन यायचं म्हणतेय. तुम्ही सांगाल तसं."

मिलीमीटरराव वाकले. वाकणं हे त्यांचं काम. खिडकीच्या उंचीला डोळा आणून आत बघायचं. आत बघितलं आणि ते तसेच राहिले. कडा ओबडधोबड होत्या, हे खरं. गोंद दोन ठिकाणी बाहेर आला होता. पण छप्पर! तिने छताचा एक कोपरा असा उचलला होता की सकाळचं ऊन झोपलेल्या मुलांच्या तोंडावर न पडता भिंतीवर पडावं. खेळायच्या खोलीच्या खिडक्या मोठ्या माणसाच्या गुडघ्याएवढ्या खाली होत्या, म्हणजे रांगतं मूल बाहेर बघेल. हे कुणी शिकवलेलं नसतं. तीस वर्षं ते दुसऱ्यांच्या इमारती पुठ्ठ्यात कापत आले होते. अशी खिडकी काढणं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.

आता बोलायचं होतं. "यात वाईट काही नाही, पहिला नंबर माझा होता," एवढंच. एका श्वासाचं वाक्य. ते तोंडापर्यंत आलं. मग त्यांना दिसलं की पलीकडच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे आणि बबडी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली आहे. विषय गेला तर तिचं वर्ष गेलं. शाळेत बोभाटा. ऑफिसात तर काय, मिलीमीटररावांनी खोटी सही केली! माणसाचं मन अशा वेळी फार चपळ चालतं, आणि नेमकं चुकीच्या दिशेला.

"हा छताचा कोपरा," ते म्हणाले. आपला आवाज त्यांना ऑफिसातल्या साहेबासारखा वाटला. "हा उचललेला आहे ना, त्याने सगळा तोल गेलाय. छप्पर एका रेषेत पाहिजे. आणि खिडक्या फार खाली. बघणाऱ्याला वाटतं, माप चुकलंय."

काडीने मान हलवली. "अच्छा. म्हणजे छपरात घोळ आहे." तिचा चेहरा पडला नाही, हे जास्त वाईट. कारण सापडल्यामुळे तिला बरंच वाटल्यासारखं दिसलं. "थँक्यू काका. कुणी नीट सांगितलंच नव्हतं." पाळणाघर उचलून ती गेली.

दार लागलं तशी बबडी बाहेर आली. "बाबा, तिला खोटं का सांगितलंत?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

हे बोलायला नको होतं. बबडी टेबलापाशी आली. "नाहीच कळत. कळलं कधी? मला त्रेचाळीस मिळाले ना? मला माहितीये. छप्पर उभंच राहिलं नाही माझं. परीक्षा घेणाऱ्या बाई आल्या आणि म्हणाल्या, तुझ्या शाळेच्या कामाचे फोटो बघितले मी, आज बरं नाही का तुला? मी हो म्हटलं. ताप आहे म्हटलं."

बबडीची आई स्वयंपाकघरातून आली होती. ओल्या हातांनी ती मध्ये पडली, "झालं ते झालं. कुणाला कळणार आहे? त्या पोरीला आपण दुसरी काही मदत करू."

"आई, मी एक बसथांबा केला होता," बबडी म्हणाली. "अगदी पहिला. पूर्ण केला होता. वाकडा होता, पण मी केला होता. तुम्हाला दाखवायला म्हणून टेबलावर ठेवून झोपले. सकाळी बघते तर तो कचऱ्याच्या डब्यात, आणि त्या जागी बाबांचा. बाबा, मला वाटलं तुम्ही निदान विचाराल."

मिलीमीटररावांना तो बसथांबा आठवला. तो मोडायला त्यांना मनगटाचा एक झटका पुरला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं, पोरगी उठून खूश होईल. आणि झालीही होती की! निदान तसं म्हणाली होती. आता त्यांना समजलं की आपण काडीचे मार्क घेतले ते नंतर. त्याआधी आपल्या मुलीच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला होता. तिचा बसथांबा सहन झाला नाही तो आपल्याच नाकासाठी, तिच्या भल्यासाठी नाही. ते खुर्चीत बसले. बायको काहीतरी बोलत होती, पण त्यांना ऐकू जात नव्हतं.

मग ते म्हणाले, "लिहून दिलं तर तुझं वर्ष जाईल."

"जाऊ दे," बबडी म्हणाली. मग लगेच रडायला लागली, कारण अठराव्या वर्षी वर्ष म्हणजे काही थोडं नसतं. रडता रडता पुन्हा म्हणाली, "जाऊ दे."

सकाळी बापलेक शाळेत गेले. इस्त्रीचा शर्ट घालायचं मिलीमीटररावांच्या मनात आलं नाही. सरांनी काही न विचारता कागद पुढे केला, जसा काही तो कालपासून तयारच होता. मिलीमीटररावांनी लिहिलं. अक्षर चांगलं येत होतं, आणि ते चांगलं येतंय याचीही त्यांना लाज वाटली.

"तीन कामांपैकी कोणतं तुमचं?" सरांनी विचारलं.

"तिन्ही."

सर बबडीकडे वळले. "तुझं काहीच नव्हतं?"

"झाडं," बबडी म्हणाली. "पाळणाघराच्या बाहेरची झाडं मी चिकटवली होती."

सरांनी ते लिहून घेतलं. का कुणास ठाऊक, पण घेतलं. मग ते म्हणाले, "मीही विचारायला हवं होतं. बघताक्षणी कळतं हो. पण सहीचा कागद आला की आम्ही हात झटकतो. बाकीच्या तिघांचंही काही फार वेगळं नसेल." पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. बबडीचं नाव रांगेतून निघणार, तिचे त्रेचाळीसही निघणार. उरले चौघं. काडी रांगेत शेवटचीच, पण आता शेवटचा आकडा सत्तर. एक्क्याण्णव आणि सत्तर. सरासरी ऐंशीच्या वर. कॉलेजचं दार उघडलं.

"फक्त मंडळाचा माणूस सोमवारी येऊन तिचं पाळणाघर एकदा बघेल. अर्ज आला की बघतात, तिचंच आहे ना, शाळेने पाठवलेल्या फोटोत होतं तेच आहे ना. तिला सांगा, जसं आहे तसं घेऊन ये. कशाला हात लावू नको म्हणावं, वेगळं दिसलं तर तिचंही अडेल."

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मिलीमीटरराव ताडकन उठले. घरापर्यंतचा रस्ता ते जवळजवळ धावले. बबडी मागे पडली.

काडीचं दार उघडंच होतं. आई हॉस्पिटलला नाव द्यायला निघायच्या तयारीत होती, चपला घालत होती. काडी जमिनीवर बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर पाळणाघर, बिनछपराचं. छप्पर शेजारी चार तुकड्यांत पडलं होतं. उचललेला कोपरा तिने मुळापासून कापून काढला होता आणि त्याच्या जागी सरळ पट्टी बसवायला घेतली होती. बोटाला चिंधी बांधलेली.

"बघा काका, आता एका रेषेत येतंय," ती म्हणाली. "कॉलेज काही नाही, पण म्हटलं निदान बरोबर तरी करून ठेवावं."

मिलीमीटररावांनी सांगितलं. उभ्या उभ्या, दोघींसमोर. तिन्ही कामं माझी होती. पहिला नंबर माझा होता. तुझे मार्क आम्हाला आले. आज लिहून दिलंय, तुला कॉलेज मिळेल. हे सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. अडखळले ते शेवटी. "आणि काल मी जे म्हटलं ना, छपराचं... ते खरं नव्हतं. छप्पर चांगलं होतं. खिडक्यासुद्धा. फार चांगल्या होत्या."

काडीची आई एक चप्पल पायात, एक हातात, अशी भिंतीला टेकून उभी राहिली.

"बबडीला त्रेचाळीस मिळाले हे मी तिथेच काढलं होतं," काडी म्हणाली. "सरांसमोर बसूनच. तुम्ही तिला मदत करता हेही मला माहीत होतं. म्हणूनच तुमच्याकडे आले ना काल. म्हटलं काका सांगतील. तुम्ही चूक दाखवलीत तेव्हा म्हटलं, चला, म्हणजे नंबर बरोबरच होता." ती कापलेल्या कोपऱ्याकडे बघत होती. "रात्री झोपायच्या आधीच कापून टाकलं सगळं."

मिलीमीटररावांनी खाली बसकण मारली. "सोमवारी बघायला येणार आहेत. होईल, होईल. तुकडे आहेत ना सगळे? मागून एक पट्टी दिली की जोड कळणारसुद्धा नाही. आण ते इकडे." बोलता बोलता त्यांचा हात पुढे गेला. तीस वर्षांची सवय. मोडका पुठ्ठा दिसला की तो हात विचारायला थांबत नसे.

काडीने पटकन दोन्ही हात छपराच्या तुकड्यांवर आडवे धरले.

"नको काका," ती म्हणाली. "तुम्ही हात लावू नका."

रागाने नाही, विनवणी केल्यासारखं म्हणाली. दारात बबडी येऊन उभी होती, धापा टाकत. मिलीमीटररावांनी हात मागे घेतला, आणि मुलीच्या नजरेसमोर तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना.